मेणातला गंधार

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पेटीवर एका मुलीचा गंधार दुरुस्त करत होते. नांदेडच्या माझ्या घरात सकाळची शिकवणी चालू होती. फोन मामींचाच. रडणं नाही, काही नाही. म्हणाल्या, "सुमे, तुझे मामा गेले बग. चहा ठिवला व्हता, घेतला न्हाई." मी येते म्हटलं, फोन ठेवला आणि त्या मुलीकडं वळून "गंधार अजून जरा चढव" असं सांगितलं. तिनं चढवला. मग कुठं मला कळलं की बसवंतमामा गेले... आणि पेटी तशीच उघडी टाकून मी लोह्यामार्गे अहमदपूरची बस धरली.

बसवंतमामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. आजोबांचं अहमदपुरात कापडाचं दुकान. थोरल्या मामांनी दुकान पुढं चालवलं, ह्यांनी क्लार्नेट धरलं. चांगल्या लिंगायत व्यापाऱ्याच्या मुलानं लाल कोट घालून लोकांच्या वरातीपुढं वाजवत चालावं हे घरात कुणालाच पटलं नाही. आजोबांनी तर कित्येक वर्षं अबोला धरला. मामांनी त्यावर कधी तक्रार केली नाही, आणि क्लार्नेटही सोडलं नाही. मी कुठं वेगळी होते म्हणा. संगीत विशारद होऊन कॉलेजात शिकवायला लागले तेव्हा कुणी विचारलं की सांगायची, मामांचं कापडाचं दुकान आहे. हे आज लिहिताना लाज वाटते, पण खोटं कशाला सांगू.

मामा वरातीत वाजवत, मठातल्या भजनाला वाजवत, उरुसात कव्वालीवाल्यांच्या मागं जाऊन बसत. शास्त्र त्यांना येत नव्हतं. त्यांना फक्त चाल कळायची. एकदा नांदेडला माझ्याकडं आले असताना त्यांना गुरुद्वाऱ्यात घेऊन गेले. कीर्तन चालू होतं. डोक्याला रुमाल बांधून मामा डोळे मिटून बसले आणि बाहेर येऊन चप्पल घालता घालता म्हणाले, "ही चाल आपल्या मठात हाय. उरुसातबी ऐकलीय मी. बोल बदलतात, ठेका बदलतो, चाल आपली फिरून राहिली गावोगाव." मी त्यांना रागांची नावं सांगायला लागले. त्यांनी ती सगळी ऐकून घेतली आणि रसवंती दिसल्यावर विचारलं, रस पिऊ या का?

पण एक चाल अशी होती जी कुठंच फिरली नव्हती. ती आमच्याच घरातली, माझ्या आईची. मला पाळण्यात घालून ती जे गुणगुणायची ते. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांची. तिचा चेहरा फोटोत आहे. आवाज मात्र मला आठवत नाही, कितीही प्रयत्न केला तरी नाही. तो जो काही शिल्लक होता तो मामांच्या क्लार्नेटमध्ये. लग्नात मुलगी सासरी निघाली की सगळा बँड थांबवून मामा एकटे ती चाल वाजवायचे, आणि त्यातल्या एका जागी बायकांचा बांध फुटायचा. घरीही रोज दिवेलागणीला रियाज संपवताना तीच. ती संपली की आतून मामींचा आवाज यायचा, "ताट वाढू का?" माझ्या सगळ्या सुट्ट्या ह्या दोन गोष्टींवर संपल्या... ती चाल आणि ते ताट.

कॉलेजात शिकवत असताना मी ती चाल कागदावर उतरवली. मुलींकडून बसवून घेतली आणि युवक महोत्सवात तिला पहिलं बक्षीस मिळालं. मामा खास एसटीनं ऐकायला आले होते. जेवणं झाली, बडीशेप खाऊन झाली, तरी काही बोलेनात. शेवटी मीच विचारलं. तेव्हा म्हणाले, "लई चांगलं बसवलंस. पर आक्काचा त्यो सूर कुठं ठिवलास?"

तो सूर म्हणजे बायका रडायच्या ती जागा. तो ना कोमल गंधार होता ना शुद्ध. दोन्हींच्या मधे कुठंतरी लोंबकळायचा. कागदावर तो लिहिता येत नव्हता, म्हणून मी सरळ शुद्ध लिहून टाकला होता. मी मामांना ऐटीत सांगितलं की असा सूर पेटीत नसतोच.

"पेटीत न्हाई म्हनून आक्काच्या गळ्यात नव्हता का?" मामा म्हणाले.

मला राग आला. रागावर मी इतकी वर्षं काढली की नंतर तो कशाचा होता हेही विसरले. मधे मामांचं खरं होतं हे मनानं कबूल केलं, फोनवर मामांनाही सांगितलं की येते, बसू, दुरुस्त करू. दिवाळीला येते, उन्हाळ्यात येते. आता निवृत्तच होते आहे, मग येतेच. हातात मोबाईल होता, त्यांचं वाजवणं रेकॉर्ड करणं एका बटणाचं काम होतं. पण मामा काय, आहेतच, असं वाटायचं. मग मामांचे पुढचे दात पडले, ओठात क्लार्नेटची पत्ती धरवेना, दम पुरेना. गळा त्यांना पहिल्यापासून नव्हता. तरी म्हणायचे, "तू ये तर खरी. करतो कायतरी जुगाड."

मी गेले ती अशी. अंगणात मामांना बसवलेलं, कपाळाला भस्म, शेवटच्या यात्रेसाठी फुलांनी सजवलेलं विमान तयार. त्यांच्याच बँडची माणसं आली होती. क्लार्नेटवाला चालतो ती जागा मोकळी सोडून ती वाजवत चालली. आईची चाल मात्र कुणालाच येत नव्हती. मला येत होती, चुकीची.

तिसऱ्या दिवशी मामींनी क्लार्नेटची पेटी माझ्यापुढं ठेवली. ह्यांनी तुझ्यासाठी ठेवायला सांगितलंय, म्हणाल्या आणि कुणीतरी भेटायला आलं म्हणून बाहेर गेल्या. मी ती उघडली. क्लार्नेटवर धूळ होती. मला स्वच्छतेचा सोस. पदरानं पुसलं, आणि एका भोकात काळपट काहीतरी साचलेलं दिसलं ते केसातला आकडा काढून नीट कोरून काढलं. मामी परत आल्या तेव्हा ते चकचकीत झालं होतं.

मामींनी हातात घेऊन पाहिलं आणि खाली बसल्या. "मेन काढलंस व्हय गं..."

मामा तीन दिवस ओसरीवर बसून ते करत होते म्हणे. कशीबशी एक-एक फुंकर मारायची, मेण लावायचं, नखानं काढायचं, परत फुंकायचं. त्यांना ओठानं काढता यायचा तो सूर माझ्या ओठाला जमणार नाही, म्हणून भोक निम्मं बुजवून, तो सूर त्यांनी माझ्यासाठी तिथं बसवून ठेवला होता. "सुमी आली की तिला नुसतं फुंकायला लाव," असं सांगून ठेवलं होतं. मी तो दुसऱ्यांदा दुरुस्त केला होता. त्या दिवशी मी जशी रडले तशी मामांसाठीही रडले नव्हते. आईसाठी रडायचं वयच नव्हतं.

आता सात आठवडे झाले. क्लार्नेट माझ्याकडं नांदेडला आहे. बँडमधल्या एका म्हाताऱ्या वादकाकडून फुंकायला शिकले, शेजाऱ्यांनी ते सोसलं. मेणाची एक गोळी ताटलीत ठेवलेली असते. रोज दिवेलागणीला त्या भोकात थोडं मेण लावते, मामींना फोन लावून तो पेटीवर टेकवून ठेवते आणि ती चाल, जशी निघेल तशी, वाजवते. मामींनी सरगम कधी शिकली नाही. पण पन्नास वर्षं त्यांनी ते स्वयंपाकघरातून ऐकलंय. "न्हाई बाई," त्या म्हणतात. "अजून खाली." दुसऱ्या दिवशी थोडं मेण जास्त. "लई उतरलं." मग थोडं कमी.

परवाही तसंच वाजवलं. चाल संपली. पलीकडून काहीच येईना. रेंज गेली असेल म्हणून मी फोन उचलून कानाला लावला, तर भांड्यांचा आवाज येत होता, आणि मग नेहमीच्या, जरा चढ्या आवाजात मामी म्हणाल्या,

"ताट वाढू का?"

सूर लागला का, हे मी विचारलं नाही. हो म्हटलं, आणि त्या भोकाला परत हात लावला नाही.