विंगेतला खोकला

नाटकात प्रॉम्प्टर नावाचं एक माणूस असतं, हे प्रेक्षकांना ठाऊक नसतं आणि नटांना कबूल नसतं. काळ्या पडद्याआड बसायचं, संहितेवर बोट ठेवायचं आणि नट अडखळला की पुढची ओळ त्याच्या कानात पोचवायची. कानातच; पहिल्या रांगेत नव्हे. एवढंच काम. पण करून बघावं म्हणजे कळतं.

ओळताई ते काम एकोणतीस वर्षं करत होत्या. नावाने त्यांना कंपनीत कोणी हाक मारत नसे. ओळी देणारी ताई म्हणून ओळताई. पहिल्या आणि दुसऱ्या विंगेच्या मध्ये त्यांचं बिनपाठीचं स्टूल, समोर तिरका स्टँड आणि त्यावर निळा कागद चिकटवलेला छोटा दिवा. नट थांबला तो मुद्दाम थांबलाय की विसरलाय, हे त्या त्याच्या श्वासावरून ओळखत. विराम असेल तर गप्प. विसर असेल तर ओळीचे पहिले दोन शब्द. तिसरा शब्द द्यायची वेळ आली तर मध्यंतरात त्या नटाला असं काही बघत की तो पुढच्या प्रयोगाला पाठ करून येई.

अशा बाईला नवरा मिळाला तो कमी ऐकणारा. छापखान्यात मशीनवर तीस वर्षं काढली, त्यात कान गेले. त्यामुळे दिवसभर कुजबुजणाऱ्या ताई घरी ओरडून बोलत, आणि जी गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नसे ती सांगतच नसत. पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं.

दोन वर्षांपूर्वी ताईंचा रक्तदाब चढलेला सापडला. त्यापाठोपाठ लघवीतून प्रथिनं जातात, मूत्रपिंडं निम्म्याहून कमी कामाची उरलीत, हेही सापडलं. दुखत खुपत काही नव्हतं. या दुखण्याचा हाच आगाऊपणा, की ते दार वाजवून येत नाही. किडनीच्या डॉक्टरीणबाई वयाने लेकीएवढ्या. त्यांनी गोळी लिहून दिली आणि बजावलं, "ही नुसता दाब उतरवत नाही, तुमच्या मूत्रपिंडाची राखणही करते. रोज सकाळी एक. हिला सुट्टी नाही."

तिसऱ्या आठवड्यात खोकला सुरू झाला. कफ नाही, ताप नाही. घशात कोणी पीस फिरवावं तसा कोरडा, टोचरा खोकला. दुसरी एखादी बाई चार माणसांत खोकली असती आणि विसरली असती. विंगेत खोकणं म्हणजे चोराने चोरी करताना शीळ घालणं.

ताईंनी खडीसाखर चघळली, ज्येष्ठमध चघळला, गळ्याभोवती मफलर गुंडाळला. काही उपयोग नाही. मग औषधाच्या दुकानदाराने सहज सांगितलं, "अहो, या गोळीने येतो काहींना खोकला. डॉक्टरांना विचारा."

विचारलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण ताईंनी मनात ठरवून टाकलं, की डॉक्टरीण म्हणणार, नाटक सोडा. आणि दुसरं असं, की ज्या बाईचा जन्म आपला आवाज लपवण्यात गेला तिला स्वतःची तक्रार सांगायची सवय कुठून असणार? लोकांच्या ओळी तोंडपाठ, स्वतःची एक येत नाही. डॉक्टर काय ज्योतिषी असतात?

तेव्हा त्यांनी स्वतःच तोड काढली. कंपनीचे प्रयोग गुरुवार ते रविवार. त्या चार दिवशी गोळी बंद. आणि बुडालेल्या चार गोळ्यांचं काय? तर सोमवारी एक जास्त, मंगळवारी एक जास्त, दोन माफ. हा हिशेब कोणत्याही शहाण्या माणसाच्या डोक्यात येणार नाही, पण प्रॉम्प्टरच्या येतो. नटाने एखादी ओळ गाळली आणि पुढे तिच्यावाचून अडणार असेल, तर प्रॉम्प्टर ती पुढच्या ओळीला जोडून देतो. गाळलेलं भरून काढायचं हा धंद्याचा नियम. तोच त्यांनी रक्ताला लावला.

तपासणी नेहमी मंगळवारी, कारण त्या दिवशी ताई मोकळ्या. मंगळवारी दाब कसा अगदी शहाण्या मुलासारखा. डॉक्टरीणबाई खूश. पण मूत्रपिंड थकलं की रक्तात वाढतं ते क्रिएटिनिन काही खाली येईना, आणि लघवीतली प्रथिनं वाढत चाललेली. "दाब तर छान आहे हो तुमचा," त्या कागद उलटसुलट करून बघत. "काही त्रास? चक्कर? खोकला?"

"काही नाही," ताई म्हणत.

चक्कर तर होतीच. सोमवारी-मंगळवारी वाकून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी. एकदा स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभ्या राहिल्या तेव्हा नवऱ्याने विचारलं, "काय झालं?"

"काही नाही, फडकं शोधतेय," ताई ओरडल्या.

"फडकं हातातच आहे," नवरा म्हणाला.

आठ महिने हे असंच. खोकला कमी झाल्यासारखा वाटे, पण गेला कधीच नाही. आणि मग तो रविवार आला.

दुपारचा प्रयोग, नाट्यगृह भरलेलं. तिसऱ्या अंकात म्हातारा बाप आरामखुर्चीत मरतो आणि मुलगा, म्हणजे नाटकाचा नायक, त्याच्या पायाशी बसतो. बोलणं नाही, संगीत नाही. दीड मिनिट नुसती शांतता. त्या दीड मिनिटासाठी लोक दुसऱ्यांदा तिकीट काढत. ताईंच्या घशात पीस फिरलं. त्यांनी मफलर तोंडात कोंबला. डोळ्यांतून पाणी आलं. आणि जो खोकला आठ महिने दाबला तो एकदम, खणखणीत, बापाच्या खुर्चीमागून बाहेर पडला.

मेलेला बाप खोकला.

मग बाल्कनीतून आवाज आला, "अहो, आहेत अजून!"

सगळं नाट्यगृह हसलं. मेलेल्या बापाचं पोट हलायला लागलं. नायकाने तोंड ओंजळीत लपवलं. रडत होता की हसत होता ते देव जाणे.

प्रयोगानंतर व्यवस्थापक विंगेत आला. माणूस वाईट नव्हता. "ताई, थोडे दिवस मी बसतो वही घेऊन. घसा बरा होऊ दे."

"घसा बराच आहे."

"मग खोकतं कोण?"

ताई मफलर आवरू लागल्या. तो पुढे म्हणाला, "पाच आठवडे घ्या. खोकला गेला की या, जागा तुमचीच. नाही गेला, तर मग आपल्याला दुसरं माणूस बघावं लागेल."

नायक अर्धा रंग पुसून धावत आला. "ताई, तुम्ही नसलात तर मी तिसऱ्या अंकात बोलणार काय?"

"लेखकाने लिहिलंय ते बोल," ताई म्हणाल्या आणि दिवा मालवून निघाल्या.

घरी जाईपर्यंत त्यांचं ठरलं होतं. गोळी पूर्ण बंद. एकोणतीस वर्षांचं स्टूल एका बाजूला आणि ज्यांचा आवाज कधी ऐकला नाही ती मूत्रपिंडं दुसऱ्या बाजूला. पारडं कुठे झुकणार? खोकला खरंच ओसरू लागला, आणि ताईंना वाटलं, आपण जिंकलो. पावलं सुजली तर त्या चपलेला दोष देत. डोकं ठणके तेव्हा पर्समधली दुखण्यावरची गोळी घेत; कंपनीच्या मेकअपखोलीत ती डब्याने पडलेली असे.

पंधराव्या दिवशी नवरा विजेरीचे सेल शोधत त्यांच्या नाटकाच्या पिशवीत शिरला. तिथे रक्तदाबाच्या गोळ्यांच्या तीन अख्ख्या पट्ट्या मिळाल्या.

"हे काय?"

"जुन्या आहेत!"

नवऱ्याने चष्मा कपाळावर चढवून पट्टी नाकाशी धरली. छापखान्यातला माणूस, मुंगीच्या पायाएवढं अक्षर वाचायची सवय. "गेल्या महिन्यात बनल्यात म्हणे या," तो म्हणाला. ताईंनी ऐकू न आल्यासारखं केलं. घरात ऐकू न येण्याचा हक्क त्याचा एकट्याचा होता, तरी त्याने वाद घातला नाही. पण दुसऱ्या दिवशी, तपासणीच्या मंगळवारी, तो इस्त्रीचा सदरा घालून दारात उभा. "मी पण येतो."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, सोडला. परत फुगवला. "एकशे ब्याऐंशी, शंभर," त्या म्हणाल्या. "आणि क्रिएटिनिन एक पॉइंट सहावरून दोन पॉइंट एक. गोळी रोज घेता ना?"

"हो."

"पायांना सूज दिसतेय. खोकला, चक्कर, डोकेदुखी?"

"काही नाही."

डॉक्टरीणबाईंनी उसासा टाकून पेन उचललं. "मग ही गोळी पुरत नाही. दुप्पट करू आणि जोडीला दुसरी देते."

ताईंच्या मागच्या खुर्चीत बसलेला नवरा पुढे झुकला. जन्मभर बायकोला जे करताना पाहिलं तेच त्याने केलं: तोंडाशी हात धरून तो तिच्या कानात कुजबुजला. फक्त त्याची कुजबूज बाहेरच्या बाकावर बसलेल्या सगळ्यांना ऐकू गेली.

"खोकला सांग!"

"अहो, गप्प बसा."

"गुरुवार ते रविवार खात नाहीस ते सांग! सोमवारी दोन-दोन गिळतेस ते! मी पाहिलंय!" आणि श्वास घेऊन, "पंधरा दिवस एकही घेतली नाहीस, ते पण!"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. चिडल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "का?"

ताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. पुढची ओळ तो देऊ शकत नव्हता. ती त्याला माहीतच नव्हती. "मी नाटकात विंगेत बसते," त्या इतक्या हळू म्हणाल्या, की डॉक्टरीणबाईंना टेबलावर वाकावं लागलं. "तिथे खोकता येत नाही. मला दुसरं काही येत नाही. तुम्ही सोडायला सांगाल, म्हणून बोलले नाही."

"नाटक? मी गोळी सोडायला सांगितली असती! पहिल्याच महिन्यात. दहातल्या एकाला तरी या गोळीने खोकला येतो. हिची चुलत बहीण आहे, राखण तशीच करते आणि खोकल्याची कटकट सहसा नाही." त्यांनी समोरचा कागद जवळ ओढून जुनी गोळी खोडली आणि नवी लिहिली. "आणि तो खोकला चार दिवसांत जात नाही हो. गोळी थांबली तरी महिनाभर रेंगाळतो, कधी जास्त. तुम्ही चार दिवस उपास काढलात, त्याचा खोकल्याला पत्ताही लागला नसेल. मूत्रपिंडाला मात्र लागला."

"राहिलेल्या मी सोमवारी भरून काढत होते," ताई म्हणाल्या.

"तिथेच चक्कर आली. एक राहिली तर राहिली, दुसऱ्या दिवशी एकच. शरीर मागची ओळ मागत नाही, ताई. त्याला आजची हवी असते. डोकं दुखतं तेव्हा काय घेता?"

"मेकअपखोलीतली ती..."

"ती मूत्रपिंडाची वैरीण. आजपासून बंद. डोकं दुखलं तर मला फोन."

ताईंनी शेवटी मनातलं विचारलं. "गेलेलं परत येईल?"

"थोडं येईल, दाब खाली आला की," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सगळं नाही येणार. खोटं सांगत नाही. उरलंय ते सांभाळू. दोन आठवड्यांनी रक्त तपासून क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघायचं, चुकवायचं नाही. आणि उठताना आधी बसायचं, मग उभं राहायचं."

बाहेर पडल्यावर ताई रस्त्यात थांबल्या. "भर दवाखान्यात माझी अब्रू काढलीत."

"मी हळूच बोललो."

"पलीकडच्या दुकानदाराला माझं क्रिएटिनिन कळलं!"

"मग बरंच झालं," नवरा म्हणाला. "आता लपवायला कोणी उरलं नाही."

पाचवा आठवडा संपला तेव्हा खोकला गेला होता. तोवर कंपनीत व्यवस्थापकाचं प्रॉम्प्टिंग गाजलेलं. तिसऱ्या रांगेतले लोक ओळी आधी ऐकत आणि नटांकडून नंतर. एकदा तर व्यवस्थापकाने कंसातली सूचनाही वाचली, आणि गोंधळलेला नायक "दरवाजाकडे जातो" असं मोठ्याने बोलला आणि तिथेच उभा राहिला. ताई परत आल्या तेव्हा नायकाने त्यांचे पायच धरले. ताईंनी मात्र आधी अटी सांगितल्या, व्यवस्थापकाला समोर उभं करून, भरल्या आवाजात: पाठीची खुर्ची हवी, आणि अंक संपल्यावर मला घाई करायची नाही, मी सावकाश उठेन. व्यवस्थापकाने ताईंचा खरा आवाज पहिल्यांदाच ऐकला. तो खुर्ची आणायला स्वतः गेला.

क्रिएटिनिन एक पॉइंट नऊवर येऊन टेकलं. पूर्वीचा आकडा काही आला नाही. आठ महिन्यांच्या शहाणपणाची ती किंमत ताईंना रोज सकाळी गोळी गिळताना आठवते, आणि आठवावीच.

परवाच्या मंगळवारी त्या दवाखान्यात पडद्याबाहेरच्या बाकावर आपल्या पाळीची वाट बघत होत्या. एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला एक म्हातारे शिंपी. वेळ जाईना तेव्हा त्यांनी ताईंना सगळं सांगून टाकलं: मशीनवरून उठलं की भोवळ येते, एका सुईच्या दोन दिसतात, म्हणून कामाच्या दिवशी गोळी नको वाटते. मग त्यांना आत बोलावलं. पडदा ओढला गेला.

"कसं काय?" डॉक्टरीणबाईंचा आवाज.

"एकदम मजेत," शिंपी म्हणाले. "काही त्रास नाही."

ताईंनी डोळे मिटले. मग पडद्याच्या कडेशी झुकून, एकोणतीस वर्षांच्या सरावाने, बरोबर त्याच कानात पोचेल असे दोन शब्द सोडले. "भोवळ येते..."

"भोवळ येते," शिंपी म्हणाले.

"कधी?"

शांतता.

"मशीनवरून उठताना..."

"मशीनवरून उठताना."

आत पेन टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बरं. आणि गोळी रोज घेता का, हे मी तुम्हाला विचारू की पडद्याला?"

"काय म्हणाल्या त्या?" बाकावरून नवरा गरजला.

ताईंनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला गप्प केलं. ओळ जिभेवर तयार होती, पण त्यांनी ती दिली नाही. आतला म्हातारा श्वास घेत होता. तो श्वास त्या ओळखत होत्या. हा विसर नव्हता, विराम होता.

"नाही हो," शिंपी शेवटी म्हणाले. "रोज नाही घेत."