गोदामातली शांतता

तीर्थपुरीच्या जुन्या मोंढ्यात, म्हणजे कापूस-धान्याच्या बाजारात, एक दगडी गोदाम आहे. भिंती हातभर जाड, वर सागाच्या तुळया आणि फळ्यांचं माळवद, खाली शहाबादी फरशी. एकेकाळी तिथं कापूस आणि सरकी भरलेली असायची, आता बारा महिने कुलूप असतं. लहानपणी बापाबरोबर बाजाराला आले की मी त्याच्या दारात उभी राहून ओरडायचे आणि आवाज आत कसा फिरतो ते ऐकायचे. पुढे आवाजाचाच धंदा केला. कीर्तनं, निवडणुकीची गाणी, लग्नाचे व्हिडिओ, मिळेल ते रेकॉर्ड करत शहरात बस्तान बसवलं, आणि एक दिवस माझ्याकडे रेकॉर्डिंग करणाऱ्या ताईंना सांगून बसले की तुमच्या व्हायोलिनला साजेशी जागा माझ्या गावाकडे आहे.

ताई माझ्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी मोठ्या. मूळच्या आमच्याच जिल्ह्यातल्या, पिंपळगाव रेणुकाईकडच्या बागायतदार घरातल्या, पण शहरात वाढलेल्या आणि परदेशात शिकून आलेल्या. त्या वाजवतात ते तीनशे वर्षांपूर्वीचं युरोपातलं, बारोक म्हणतात ते संगीत, आणि तेही त्या काळच्या वाद्यांवर. म्हणजे व्हायोलिनला पोलादी तारा नाहीत, मेंढीच्या आतड्यांच्या. आमच्याकडे त्याला तात म्हणतात, पिंजाऱ्याच्या धनुकलीला असायची. आमचं घराणं मेंढपाळांचं, त्यामुळे मी ताईंना चिडवायचे की तुमच्या संगीतात निम्मा वाटा आमच्या मेंढरांचा आहे. त्यांच्या व्हायोलिनला हनुवटी टेकायची काळी वाटीही नव्हती. त्या काळी नसायची. वाद्य थेट गळपट्टीच्या हाडावर, छातीला लागून धरायचं.

असे सहा कॉन्चेर्टो त्यांना रेकॉर्ड करायचे होते. एक व्हायोलिन पुढे, चार-दोन वाद्यं मागे, अशी ती रचना असते. पहिले तीन आम्ही आदल्या वर्षी शहरातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये उरकले होते. ते बरे झाले होते, पण हॉल कोरडा होता, आवाज घुमत नव्हता. उरलेले तीन गोदामात करायचे ठरले. ताईंनी या सहांसाठी नोकरी सोडली होती, शिकवण्या बंद केल्या होत्या. हे पूर्ण झालं की मी मोकळी, असं त्या म्हणायच्या. मला तो शब्द आवडायचा नाही.

थंडीचे दिवस होते. मागची वाद्यं वाजवणारी मंडळी गोव्याहून आणि पुण्याहून आली. त्यातला हार्पसिकॉर्डवाला, म्हणजे पेटीसारख्या जुन्या पियानोच्या आजोबावर बसणारा, फार शिष्ट होता. मोंढ्यातली धूळ बघून त्याने तोंडाला रुमाल बांधला तो दोन दिवस सोडला नाही. उसाचा हंगाम असल्याने रस्त्यावरून ट्रॅक्टर जायचे आणि प्रत्येक ट्रॅक्टरवर कर्णे लावलेले. दारावर बसवलेले वॉचमनमामा ट्रॅक्टर दिसला की बाहेरून कडी वाजवायचे, आम्ही थांबायचो. मग पुन्हा तारा लावायच्या. कोरड्या हवेत तात जरा चढते, जरा उतरते, कुणाचं ऐकत नाही. माझा स्वभाव तापट, पण त्या दिवसांत मीही शहाण्यासारखी वागत होते, कारण आवाज सुंदर येत होता. जागा मी दाखवली होती, त्यामुळे थोडी फुशारकीही मारून घेतली.

पहिल्या दिवशी दुपारी संथ भाग चालू असताना हेडफोनमध्ये ती शीळ आली. अगदी बारीक, दोन सुरांच्या मध्ये, आणि तिच्यामागे वाळलेलं पाचट चुरगळावं तशी चरचर. मी थांबवलं. तारच असणार, असं सगळ्यांचं मत पडलं. तातीची सर्वांत बारीक तार अशी शिट्टी मारतेच. ताईंनी तार बदलली. शीळ राहिली. मग व्हायोलिनचं लाकूड कोरड्या हवेने कुठे उघडलंय का ते बघितलं, बोटाने सगळीकडे ठोकून. काही नव्हतं. मग चेलोवाल्याला, म्हणजे ते मोठं, बसून वाजवायचं व्हायोलिन वाजवणाऱ्याला, वाटलं माळवदातली माती झरत असेल. मामांना शिडीवर चढवलं. ते वरून म्हणाले, "इथं बिलकुल काई न्हाई, चिमणीसुद्धा न्हाई."

शेवटी मीच शोधलं. तो श्वासाचा आवाज होता. ताई श्वास आत घेत तेव्हा, श्वासाच्या अगदी टोकाला. हे कळल्यावर आम्हाला सगळ्यांना हायसं वाटलं. आज ते आठवलं की स्वतःचाच संताप येतो, पण खरं ते सांगते, हायसं वाटलं. श्वासाचा आवाज हा आमच्या धंद्यात रोजचा प्रश्न आहे आणि त्याला रोजचे उपाय आहेत. वाद्य छातीला लागून धरलंय, त्यामुळे श्वास लाकडात उतरतोय, असं मी सगळ्यांना समजावून सांगितलं. ते खरंही होतं. मी माईक वीतभर वर घेतला आणि जरा डावीकडे वळवला. ताईंच्या पायाखाली सतरंजी टाकली, त्यांना किंचित तिरकं उभं केलं. हार्पसिकॉर्डवाला धुळीला शिव्या घालत म्हणाला की इथं घोड्यालासुद्धा दमा होईल. ताई हसल्या, हसताना खोकल्या आणि म्हणाल्या, चला, पुढे.

चौथा कॉन्चेर्टो झाला. छान झाला. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर ताई प्रत्येक भागानंतर खुर्चीवर बसू लागल्या. आधी त्या कधी बसत नसत. मी पाहिलं, आणि खुर्ची करकरते म्हणून तिच्या पायांना चिंध्या बांधल्या.

संध्याकाळ होत आली तेव्हा मी शांतता रेकॉर्ड करायला घेतली. ही आमची पद्धत आहे. सगळ्यांनी आपापल्या जागी, वाद्य धरून, न हलता उभं राहायचं, आणि त्या जागेचा रिकामा आवाज टिपून घ्यायचा. पुढे जुळणी करताना दोन तुकड्यांच्या मध्ये तो भरावा लागतो, नाहीतर कानाला खड्डा लागतो. मी हात वर केला. सगळे स्तब्ध झाले. ताईंनी व्हायोलिन तसंच छातीशी धरलेलं, डोळे मिटलेले.

मी आवाज मोठा केला. आधी नुसतं गोदाम ऐकू आलं. मग शीळ आली. वाजवणं नव्हतं, धावपळ नव्हती, दम लागायचं काही कारणच नव्हतं. ती बाई गप्प उभी होती आणि तरी प्रत्येक श्वासाच्या टोकाला शीळ आणि चरचर, शीळ आणि चरचर. मला तो आवाज माहीत होता. मी त्याच्यासोबत वाढले होते.

माझ्या बापाने मेंढरं विकली तेव्हा मी पाचवीत होते. मग तो खडी क्रशरवर कामाला लागला, आणि मी कॉलेजात जाईपर्यंत छातीत धूळ बसून गेला. मी हात खाली करायचं विसरले. मंडळी बिचारी कितीतरी वेळ तशीच उभी राहिली, शेवटी हार्पसिकॉर्डवाल्याने घसा खाकरला.

आमचं घर तिथून जवळच्याच गावात आहे. संध्याकाळी जेवताना मी आईला विचारलं की बापाचा दम पहिल्यांदा कधी लक्षात आला होता. आईने भाकरी तव्यावरून काढली, मला वाढली आणि मगच बोलली.

"दम कुठं, आधी शीळच व्हती. झोपंत शीळ घालून राह्यला म्हणून आम्ही हसायचो. मंग माझी झोप होईना. सकाळी मला खुरपायला जावं लागायचं. तर म्या त्याची खाट ओसरीवर टाकली."

"आणि मग?"

"मंग काय. आवाज आला न्हाई, झोप लागली बराबर."

ती पुढची भाकरी थापायला वळली. मी त्या दिवसांत माईक कुठे कुठे हलवला होता ते मला एकेक करून आठवत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मंडळी यायच्या आत मी केबल गुंडाळून ठेवल्या. ताई आल्या, त्यांनी स्टँडवरून उतरवलेले माईक बघितले आणि मला विचारलं की काय बिघडलं. मी सांगितलं. आडवळण घेतलं नाही, मला ते जमतही नाही. म्हटलं, तुमच्या छातीत काहीतरी आहे, आधी जालन्याला जाऊन फोटो काढायचा, मग वाजवायचं. त्या आधी हसल्या. धूळ आहे, थंडी आहे, प्रवास झालाय, अशी कारणं त्यांनी दिली. मग म्हणाल्या, उरलेले दोन होऊ देत, मी स्वतःहून जाते. मी नाही म्हटलं. बाकीच्यांनाही माझा राग आला. लोक लांबून आले होते, त्यांच्या पुढच्या तारखा ठरलेल्या होत्या. चेलोवाला मला बाजूला घेऊन म्हणाला की तू रेकॉर्डिंगवाली आहेस, डॉक्टर नाहीस. मी त्याला काय म्हणाले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

ताई सगळ्यांत शेवटी चिडल्या, पण चिडल्या त्या खऱ्या. "माझ्या हातात किती वर्षं आहेत वाजवायची, तुला कल्पना आहे? हे दोन राहिले तर पुन्हा होणार नाहीत."

"ताई, तुम्ही बसता हल्ली. मध्ये मध्ये बसता."

त्यांनी व्हायोलिन पेटीत ठेवलं, वरून मऊ कापड घातलं, ते नीट केलं, पुन्हा नीट केलं. मग म्हणाल्या, गाडी कोण चालवतंय?

जालन्यातल्या डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. आणखी एक मोठी तपासणी सांगितली, ती शहरात झाली. फुप्फुसं आतून कडक होत चाललीत, असं निघालं. कशाने ते सांगता येत नाही, म्हणाले. गोदामाच्या धुळीने नव्हे, दोन दिवसांत असं होत नसतं. गेलेलं परत येणार नाही. पुढचं किती धरून ठेवता येईल ते हे कधीपासून चाललंय आणि किती वेगाने वाढतंय त्यावर ठरेल. डॉक्टरांनी ताईंना विचारलं, कधीपासून? ताई म्हणाल्या, असेल महिना-दोन महिने, मला तर काहीच जाणवलं नव्हतं. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"तुझ्याकडे असेल. तुझ्याकडे माझं सगळं आहे."

खरंच होतं. मी मूळ रेकॉर्डिंग कधी टाकून देत नाही. वाजवण्याआधीचं, नंतरचं, चुकलेलं, अर्धवट सोडलेलं, सगळं ठेवते. मी माझ्या खोलीत बसून मागे मागे ऐकत गेले. चौथ्याचं सगळ्यांना माहीतच होतं. तिसऱ्यात ती शीळ संथ भागात स्पष्ट होती. दुसऱ्यात पुसट, पण होती. ऐकताना मी देवाकडे एकच मागत होते की पहिल्यात नसावी. इतकं घाबरून मी आयुष्यात काही ऐकलेलं नाही.

ताई स्वतःच आल्या. जिना चढून आल्यावर दाराशी थांबल्या, चौकटीला धरून. मी पाणी दिलं. माझ्या खोलीत एकच चांगली खुर्ची आहे, तिच्यावर त्या बसल्या आणि मी जमिनीवर.

"कुठपर्यंत गेलीस?"

"पहिल्यापर्यंत."

"तिथं नाही ना?"

"आहे, ताई."

त्यांनी मान हलवली. पटलं नव्हतं. "असं कसं? पहिला मी कितीदा ऐकलाय. घरी, गाडीत. कुठेच काही नाही त्यात. एकदम स्वच्छ आहे."

"तुम्ही ऐकला तो जुळवलेला," मी म्हटलं. "मूळ रेकॉर्डिंगमध्ये होती. धंद्याच्या सवयीने मी एकेक श्वास काढून टाकला होता."

ताई खिडकीकडे बघत राहिल्या. खाली भाजीवाला ओरडत गेला. त्यांचा हात छातीवर, वाद्य टेकतं तिथंच होता, आणि आता माईक नसतानाही मला ते ऐकू येत होतं.

"चांगलं काढलंस," त्या म्हणाल्या. "मलासुद्धा कळलं नाही."