पायकाची हाक

इथे अमेरिकेत, रेडमंडला निवृत्त झाल्यावर लोक गोल्फ शिकतात. आमच्या ह्यांनी डोंगरावरचं हवामान अंगावर घेतलं. संशोधकांनी वर एक छोटं हवामान केंद्र उभारलंय आणि आजूबाजूच्या खडकांच्या फटींत तापमापक लपवलेत. उन्हाळ्यात तिथे चढून त्यांतले आकडे आणायचे आणि खडकांत पायका अजून राहतात का, ते कान देऊन ऐकायचं, हे स्वयंसेवकाचं काम. पायका म्हणजे सशाचा मुठीएवढा भाऊबंद. थंडीतला जीव, ऊन वाढलं की तग धरत नाही. हिवाळ्याच्या बेगमीला गवत आणून दगडांवर वाळत घालतो, आपल्याकडे कुरडया घालतात तशाच निगुतीने. मला तो तेवढ्यासाठीच आवडतो.

यंदा दोन्ही खेपांना हे तोंड पाडून परत आले. "एकाही पायकाची हाक ऐकू आली नाही गं. गेले बहुतेक. उन्हाने घालवले." मग जेवणात लक्ष नाही की बोलण्यात नाही. घरात सुतक असल्यासारखं! शेवटी मी वैतागले, गुडघ्याला पट्टा बांधला आणि पुढच्या खेपेला सोबत निघाले.

वर पोचल्यावर हे लॅपटॉप उघडून आकडे उतरवायला बसले. मी थर्मासमधला चहा ओतत होते, तोच अगदी जवळून हाक आली. बारीक, टोचरी. मी आनंदाने ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांची मान खालीच.

पुन्हा हाक आली. मान खालीच.

मग कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वर्षभर मी टीव्हीच्या आवाजावरून ह्यांच्याशी भांडत होते, आणि मुद्दाम लक्ष देत नाहीत म्हणून रुसत होते.

"अहो, तिकडे बघा," मी खांद्याला हात लावून दाखवलं. तिरक्या दगडावर पायका बसला होता, हाक देताना त्याचं सगळं अंग हलत होतं.

"ओरडतोय?" ह्यांनी विचारलं.

"केव्हाचा."

हे बराच वेळ बघत राहिले. आता हा माणूस खचणार, या भीतीने मी त्यांचा हात धरला. तर हे चक्क हसले, डोळे भरलेले.

"म्हणजे ते आहेत. नुसते माझे कान गेलेत," हे म्हणाले. "कानांचं काय गं, मशीन लावता येतं."

मला रडूच आलं. पुढची हाक आली तशी मी ह्यांचा हात दाबला. मग प्रत्येक हाकेला दाबत गेले, आणि हे दुसऱ्या हाताने नोंद करत गेले.