साडूंनी घर दाखवलं

उलट्या पावलांनी आयुष्यात सर्वांत जास्त अंतर चाललेला माणूस कोण, याची नोंद जगात कुणी ठेवत असेल, तर तिथं पहिलं नाव आमच्या साडूंचं लिहावं लागेल. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर गाइड आहेत, आणि पंचवीस वर्षं त्यांनी पाठ किल्ल्याकडे, तोंड पाहुण्यांकडे करून काढली. तिथल्या मान मंदिर महालाच्या काळोख्या जिन्यावरून ते उलटे उतरतात आणि तोंडानं सनावळी चालू असते. किल्ल्यावर एकदाही पडले नाहीत. पडायचे ते आमच्या घरी! पाटणकर बाजारामागच्या आमच्या दोन खोल्यांत ते बोलत बोलत मागं सरकू लागले, की बायको आधी दुधाचं पातेलं उचलायची आणि मग मला.

बोलायला सुरुवात करण्यापूर्वी ते घसा खाकरतात, विनोद झाला की लोकांना हसायला वेळ मिळावा म्हणून थांबतात, आणि कुठूनही निघताना माणसं मोजतात. एका लग्नाहून परतताना मोजणीत एक माणूस कमी भरला, म्हणून त्यांनी दारात उभ्या असलेल्या एका आजोबांना हाताला धरून आमच्या टेम्पोत बसवलं. आजोबा वरपक्षाचे होते, आणि त्यांचं जेवणही व्हायचं होतं. कमी भरलेला माणूस मी होतो, हे टेम्पो पार हजीरा भागात पोचेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही, बायकोच्याही नाही.

पण या माणसाचं एक होतं. ते खोटं बोलत नसत. बाकीचे गाइड पाहुण्यांना थेट आग्र्यापर्यंत भुयार नेऊन दाखवत; हे मला म्हणायचे, "मास्तर, भुयारबियार काही नाही. आहे तेच सांगायचं, पण असं सांगायचं की बघणाऱ्यानं पुन्हा वळून बघितलं पाहिजे."

मग ती महामारी आली आणि किल्ल्याचे दरवाजे बंद झाले. किल्ल्यावरच्या एका देवळात फार जुनं शून्य कोरलेलं आहे. ते दाखवताना साडूंचा ऊर दरवेळी भरून येई. टाळेबंदीच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला. घसा खाकरून म्हणाले, "मास्तर, पंचवीस वर्षं लोकांना शून्य दाखवलं. आता ते मला बघायला घरी आलंय." आणि सवयीनं थांबले. मी हसलो नाही. माझीही दशा वेगळी नव्हती. खासगी शाळेत गणित शिकवतो. पगार निम्मा झाला होता आणि वर्ग मोबाइलवर आले होते. एक महिना माझा माइक बंद होता. एकाही पोरानं तक्रार केली नाही.

साडूंनी मात्र हातपाय गाळले नाहीत. ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीनं, घरात अडकून पडलेल्या आजाऱ्यांसाठी डबे करायला घेतले आणि साडू स्कूटरवरून ते पोचवू लागले. डबा दारात ठेवून निघून यायचं, एवढंच काम. पण यांना ते जमेना. रस्त्याच्या पलीकडे उभं राहून, तोंडावरचा मास्क नीट करून, ते वर बाल्कनीकडे बघत खड्या आवाजात सांगायचे, "नमस्कार! सबसे ऊपर आपको दिखाई देगी लौकी. दुधी म्हणून नाक मुरडू नका. खरा इतिहास तिच्या खालच्या डब्यात आहे!" तापानं फणफणलेली माणसं भूक नसतानाही बाल्कनीत येऊन बसू लागली. एकटे राहणारे एक निवृत्त साहेब बरे झाल्यावरही आठवडाभर डबा मागवत राहिले. ताईंनी विचारलं, तर म्हणाले, खाना तो मैं बना लेता हूँ, बहनजी, पर बताएगा कौन?

असं रेटत रेटत आम्ही ऐन पावसाळ्यापर्यंत आलो, आणि घराचा प्रश्न उभा राहिला. साडू किला गेटपाशी एका घराच्या वरच्या मजल्यावर बावीस वर्षं भाड्यानं राहत होते. घरमालक इंदूरला. भले गृहस्थ. त्यांच्या मुलाची नोकरी गेली, म्हणून घर विकायला काढलं. म्हणाले, "मला या दिवसांत प्रवास झेपायचा नाही. तुम्ही घरचेच. लोक येतील त्यांना तुम्हीच दाखवा. दिवाळीपर्यंत गिऱ्हाईक मिळालं नाही, तर आम्ही विषय सोडून देऊ. मग तुम्ही राहा निवांत."

म्हणजे गिऱ्हाईक पळवून लावलं की घर वाचलं. इतकं सोपं! ताईंच्या स्वयंपाकघरात बैठक बसली आणि सूत्रं साडूंच्या मुलीनं, माझ्या भाचीनं, हाती घेतली. पोरगी कॉलेजात, ग्वाल्हेरची, त्यामुळे मराठीत सुरू करून हिंदीत उतरणारी. "बाबा, तुम्ही फक्त भिंतीवरची सीलन दाखवायची. बाकी एकदम चुप. समझे ना? काका, तुम्ही पाण्याचं रडगाणं गायचं. नळ येत नाही, मोटर जळते, जो मन में आए."

"नळ येतो की गं," साडू म्हणाले.

"बाबा!"

"बरं, मी पाण्याचं बोलणार नाही. मास्तर बोलतील. त्यांचं कुणी ऐकत नाही, चालेल."

पहिलं गिऱ्हाईक तर फुकटच गेलं. साडूंनी 'नमस्कार' म्हणण्यापूर्वी सवयीनं घसा खाकरला. त्या दिवसांत तेवढं पुरे होतं. चौघंही जण जिन्यावरून असे उतरले, की एकाची चप्पल आमच्याकडेच राहिली. दुसऱ्या गिऱ्हाइकाला भाचीनं ती सीलन, म्हणजे भिंतीवरची ओल, दाखवून पिटाळलं. दिवाळी तीन आठवड्यांवर आली. ताईंनी रव्याचा डबा खाली काढला, याच घरात फराळ होणार म्हणून.

आणि मग मुरैन्याचे ते तेलाचे व्यापारी आले. ते, त्यांची बायको, म्हातारे आईवडील आणि एक बहीण. पाच माणसं. ती आत आली आणि अंतर राखायचं म्हणून आपोआप अर्धवर्तुळात उभी राहिली. मी साडूंकडे बघितलं. सात महिन्यांत त्यांच्यासमोर कुणी असं उभं राहिलं नव्हतं. तरीही त्यांनी ओठ घट्ट मिटून ओलीकडे नुसतं बोट दाखवलं. मीही पाण्याचं रडगाणं सुरू केलं. सगळं ठीक चाललं असतं. पण त्या म्हाताऱ्या वडिलांनी विचारलं, "भैया, ये खिड़की इतनी नीची काहे को है?"

सात महिन्यांनंतरचा पहिला प्रश्न! साडूंनी ताईंकडे बघितलं, मुलीकडे बघितलं. घसा खाकरला. या वेळी कुणी पळालं नाही.

"बाबूजी," ते म्हणाले, "बैठकर देखने के लिए." म्हातारे खिडकीशी खाली बसले. समोर किल्ल्याची अख्खी तटबंदी चौकटीत आली. पहाटे ऊन आधी कुठल्या बुरुजाला लागतं, पोपटांचे थवे कुठल्या भेगेतून निघतात, हे ऐकताना सगळे आळीपाळीनं बसले. मग साडू उलटे चालू लागले. जिन्याची नववी पायरी का झिजली? मुलगी लहानपणी तिच्यावर बसून पाढे म्हणायची. स्वयंपाकघराच्या दारावरच्या रेघा? तिची उंची. भाची त्यांचा शर्ट मागून ओढत होती. ते चालत राहिले. ओल तर त्यांनी लपवली नाहीच. उलट सांगितलं, की ती दर पावसाळ्यात आकार बदलते, परवापरवापर्यंत उंट होता, यंदा सोंड फुटली आहे. व्यापाऱ्याच्या आईनं ओलीचा फोटो काढला! आणि मी? मला वाटलं होतं मी काही तरी करीन, खोकेन, चक्कर आल्यासारखं करीन. पण सांगायला लाज वाटते, मी या घरी इतकी वर्षं चहा पिऊन गेलो होतो, आणि त्या घटकेला मीच विचारलं, "आणि तो कोनाडा?"

"अच्छा प्रश्न," साडू म्हणाले, आणि आणखी पंधरा मिनिटं गेली.

शेवटी टाळ्या वाजल्या. म्हाताऱ्यांनी एक नोट पुढं केली. साडूंनी ती सवयीनं कपाळाला लावून खिशात टाकली. माणसं मोजली, जिन्यापर्यंत पोचवली. मग वर येऊन आमच्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

व्यापाऱ्यानं त्याच संध्याकाळी इंदूरला फोन करून व्यवहार पक्का केला. ताई रव्याचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "कशाला हो बोललात?" एवढंच म्हणाल्या. साडू खिडकीशी बसले. म्हणाले, "अगं, ते म्हातारे खरं विचारत होते. आणि सांगता सांगता मलाच कळत गेलं, आपण केवढ्या घरात राहत होतो. बावीस वर्षं मी रोज इथून उठून दुसऱ्याचं दाखवायला जात होतो." भाचीनं पुढं होऊन बाबांचा ओढलेला शर्ट सरळ केला.

हजीऱ्याला एका गल्लीत दोन खोल्या मिळाल्या. दिवाळीच्या आधी टेम्पो दोनदा जाऊन आला. डबे तिथूनही चालू राहिले, एक दिवसही खंड न पडता; आधी चूल लागली आणि मग सामान. भाऊबीज झाल्यावर मी भेटायला गेलो. मनात तो कोनाडा सलत होता. खोली अंधारी, एकच खिडकी, आणि खिडकीबाहेर हातभर अंतरावर शेजारची प्लास्टर न केलेली भिंत. साडू पायजमा वर खोचून एका कोपऱ्यात उकिडवे बसले होते आणि नखानं चुन्याचा पापुद्रा काढत होते. खालून निळा रंग निघत होता, आणि निळ्याखालून आणखी कुठला तरी.

"कसं आहे घर?" मी चाचरत विचारलं.

"अजून काही सांगता येत नाही, मास्तर," ते मान वर न करता म्हणाले. "अभ्यास चालू आहे. बसा. आणि इथं बोट लावून बघा, आधी हिरवा होता का पिवळा?"

मी बसलो.