मंगळमामांचा माळ

ओसाड जमीन दिसली की मामा मोटारसायकल थांबवायचे. चिमूटभर माती जिभेवर ठेवायचे आणि म्हणायचे, "मेली न्हाय. झोपलीय." उमरग्याजवळच्या माझ्या आजोळी ते शाळेत विज्ञान शिकवत. माणूस मंगळावर रान फुलवेल, हे ते इतक्या खात्रीनं सांगत, की सगळं गाव त्यांना मंगळमामा म्हणे.

"आधी अंगणातली तुळस जगवा, मग मंगळावर जावा," मामी टोमणा मारायची. मामा हसत, पण ते त्यांच्या मनाला लागलं असावं. घरामागे त्यांचा माळ होता, नुसता मुरूम. तो हिरवा झाला तर मंगळही होईल, असं त्यांनी ठरवलं.

मी एकदा विचारलं, "मामा, तिथं आधीच काही जिवंत असलं तर?"

"मग रीतीनं जायचं. येळवशीला आपण काय करतो?"

येळवस म्हणजे आमच्याकडची मार्गशीर्षातली अमावास्या. सगळे रानात जेवायला जातात, पण आधी शिवारात आंबील शिंपडतात. माती जेवल्याशिवाय माणसानं जेवायचं नाही.

"मातीला जेवू न घालता जो तिथं राहील, तो चोर," मामा म्हणाले.

त्यांनी माळाला जेवू घातलं ते गावतळ्यातल्या गाळानं. दोन उन्हाळे ट्रॅक्टर चालले. "अहो, किती उकरताय?" मामी म्हणाली. "माळाची भूक लई मोठी हाय गं." तळ्याच्या बुडाला मुरूम दिसेपर्यंत ते उकरत राहिले. पावसाळ्यात माळावर हुलगा डोलला. मामा शाळेतल्या पोरांना तो दाखवायला घेऊन गेले.

तळंही भरलं, पण दिवाळीआधीच आटलं. पाणी धरून ठेवणारी चिकण माती आम्ही माळावर नेली होती. पाणी मुरमातून खोल निघून गेलं, तळ्याखालच्या विहिरीही कोरड्या पडल्या. माळाला द्यायला पाणी उरलं नाही, तोही करपला.

मास्तर म्हणून गावानं त्यांना एका शब्दानं जाब विचारला नाही. ते त्यांना सोसलं नाही. तळ्याच्या बांधावर बसून एकदाच बोलले, "एकच मंगळ व्हता. म्या दुसरा केला."

"गाळ परत साठेल, मामा."

"साठंल की. मी नसंन तवा. तू बी नसशील."

त्यानंतर त्यांनी कुठंच गाडी थांबवली नाही.

यंदा येळवशीच्या आधी मामा गेले. येळवशीला मी आंबील घेऊन माळावर गेले नाही, तळ्यात उतरले. मुरमावर आंबिलीचं लोटकं ओतलं. क्षणात सगळं खाली गेलं, ओलसुद्धा दिसेना. माती जेवली, असं कुठल्या तोंडानं म्हणू? जेवणाचा डबा तसाच घेऊन घरी आले.