बाबा उतरले का?

मला सोडायला आलेले बाबा रत्नागिरी स्टेशनात आंब्याच्या पेट्या घेऊन डब्यात चढले. आमच्याकडे सोडायला आलेल्याने फलाटावरून नुसता हात हलवायचा नसतो, सामान नीट लावूनच उतरायचं असतं. "बाबा, उतरा आता!" मी ओरडत होते आणि ते बाकाखाली शेवटची पेटी सरकवत होते. गाडी हलली. ते दाराकडे धावले नि गर्दीत दिसेनासे झाले. उतरले की पडले? फोन उचलेनात. करबुड्याच्या बोगद्यात रेंजही गेली.

बाहेर येताच फोन वाजला. मी तोंडाला येईल ते बोलले.

"गुडघा फुटलाय गो," बाबा म्हणाले, "पण पेटी उलटी नाय ना झाली?"