साठवणीचं पाणी

फवारणीवाले थेट आमच्या चुलीपर्यंत आले, याचं माझ्या सासूला इतकं अप्रूप वाटलं की पुढे कितीतरी महिने तिने त्यांचा शब्द खाली पडू दिला नाही. मारेगावाकडच्या आमच्या गावात तोवर वरच्या आळीतलं कुणी आमच्या उंबऱ्याच्या आत आलेलं मी पाहिलं नव्हतं. निरोप द्यायला गडी यायचा तोसुद्धा अंगणाबाहेर उभा राहून ओरडायचा. आणि हे खाकी कपड्यातले लोक आत शिरले, खाटा उभ्या केल्या, भिंती, कुडाच्या फटी, आढं सगळं पांढरंफटक करून गेले. हिवताप घालवायची मोहीम होती ती, साठच्या आगेमागे. पावडर कालवायला त्यांना पाणी लागायचं. वरच्या आळीत कुरकुरत एखादी बादली मिळाली. माझ्या सासूने मात्र रांजणातून घागरीवर घागर काढून दिली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. ते पाणी डोक्यावरून कुणी आणलं होतं? मी आणि माझ्या नणंदेने.

जाताना त्यांचा मुकादम बजावून गेला की भिंती सारवू नका, दवा झाकली जाते. गावाने लग्नसराई आली तशा भिंती सारवून घेतल्या. आम्ही नाही सारवल्या. माझ्या सासूचा पांढऱ्या मातीचा हात म्हणजे सगळ्या वस्तीत नावाजलेला, पण बुद्धजयंतीलासुद्धा तिने भिंतीला हात लावला नाही. दीक्षा घेतल्यावर आमच्याकडे हा एक मोठा सण, आणि त्या दिवशी आमचं घर कोड फुटल्यासारखं दिसत होतं. मी बोलले तर म्हणाली, "सायब सांगून गेला ना? मंग? आपलं आयकनं लोकाईले दिसलं पाह्यजे."

रात्रीचे डास खरंच कमी झाले, ते मी कबूल करते. सासू गावभर सांगत सुटली की आता ताप येत नाही.

आता पाण्याचं सांगते, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे. वस्तीला एक विहीर होती, ती चैत्रात तळ दाखवायची. पूर्वी उन्हाळ्यात गावच्या विहिरीवर आमच्या बायका खाली घागरी मांडून बसत, कुणाला दया आली की वरून ओतत. दीक्षा घेतल्यावर आमच्या माणसांनी मेलेली ढोरं ओढणं सोडलं, आणि गावाने ओतणं सोडलं. बरं झालं, म्हणाले आमचे घरचे, म्हणजे माझे यजमान, दयेचं पाणी नको. यांना म्हणायला काय जातं! पुरुषांनी मान सांभाळला आणि बायकांची मान मोडली. मग आम्ही दोघी नणंद-भावजया नाल्यात झिरा खोदायचो, वाळूतून पाझरेल तसं वाटीने घागर भरायचो, उन्हं चढायच्या आत घरी आणायचो. ते रांजणात ओतायचं आणि पुरवून पुरवून वापरायचं. रांजण रिता म्हणून कधी करायचाच नाही. तळाशी चार बोटं पाणी राहिलं की वर नवं ओतायचं.

नणंद चौदाची होती. आमच्या वस्तीतली सातवी पास झालेली पहिली मुलगी. पावसाळा लागला की यवतमाळला वसतिगृहात ठेवायचं ठरलं होतं. माझ्या सासूचं आणि माझं एका गोष्टीवर कधी एकमत झालं असेल तर यावर. मी चौथीतून शाळा सोडलेली. या पोरीला झिऱ्यावरून उठवायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. दुपारची ती रांजणाला पाठ टेकून पुस्तक वाचत बसायची, तिथे गारवा असायचा. आणि दुपारभर पायाला खाजवायची. काळे, पांढऱ्या पट्ट्यांचे बारके डास होते, भरउजेडी चावणारे. मी सासूला दाखवले. ती म्हणाली, "दिवसाच्या मच्छराले कायले भेतं? तापाचा तो रातचा." रांजणात किडे वळवळायचे तेही दाखवले. त्यावर तिचं म्हणणं, पाणी चांगलं हाय म्हणून जीव जगते त्याच्यात. आम्ही फडक्याने गाळून प्यायचो.

वैशाखाच्या शेवटी पोरीने अंथरूण धरलं. नुसता ताप नव्हता तो. "वैनी, हाडं कोणी कुटून राह्यलं वो," म्हणायची. डोळे हलवले तरी दुखायचे. ताप विचारत फिरणारा सरकारी माणूस त्याच आठवड्यात आला, बोटातून रक्त घेतलं, हिवतापाच्या गोळ्या दिल्या. आमच्या भिंतीकडे पाहून म्हणाला, तुम्ही शहाणे आहात, सारवलं नाही. सासूचा चेहरा असा फुलला, मला तो अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

मी एकटीच झिऱ्यावर जायला लागले, तर पाणी निम्म्याने यायला लागलं. पोरीला ते बिछान्यावरून कळत होतं. मी भरलेला गिलास तोंडाशी नेला की दोन घोट घ्यायची आणि हाताने मागे सारायची. "राहू दे. मायले लागते. तुले लागते. मी उठली का आणीन मंग." मी रागावले, जबरदस्तीही केली. ऐकेल तर शपथ.

मग ताप उतरला. सकाळी हात लावला तर कपाळ गार. सासूने शेजारणींना गूळ वाटला. आमचे घरचे त्या दिवशी मजुरीला गेले, पोरगी पडल्यापासून घरीच बसून होते. मी तिची वेणी घातली. तिने कण्या मागितल्या, दोन घास खाल्ले आणि पोट दुखतं म्हणाली. दुपार कलली तसे हातपाय बर्फासारखे झाले, हिरड्यांतून रक्त यायला लागलं, दंडावर लाल ठिपके. मला वाटलं गोळ्या उष्ण पडल्या. सासू म्हणाली, ताप गेल्यावर अशक्तपणा येतोच. आम्ही तासभर तरी अशाच एकमेकींना समजावत बसलो. शेवटी मीच गाडी मागायला पळाले. वरच्या आळीतल्या एका म्हाताऱ्याने बैल जुंपून दिले, त्याचं भलं होवो.

मारेगावच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तिची नाडी हाताला लागत नव्हती. डॉक्टरांनी सुई लावायचा प्रयत्न केला, शीर सापडेना. दिवे लागायच्या आधी ती गेली. माझ्याच मांडीवर होती. सासू बाहेर व्हरांड्यात बसून होती.

डॉक्टर तरुण होते, वाईट नव्हते. हा हिवताप नव्हे, म्हणाले, हाडमोड्या ताप, त्यातला वाईट प्रकार. याचा डास दिवसा चावतो, घरातल्या स्वच्छ साठवलेल्या पाण्यात होतो. भिंतीवरच्या दवेच्या भरवशावर राहायचं नाही, आठवड्याला रांजण रिकामा करायचा, घासून उन्हात वाळवायचा. आणि ताप उतरतो तेव्हाच जपायचं, अंगातलं पाणी जातं, भरपूर पाणी पाजायचं. फेकायलाही पाणी पाहिजे आणि पाजायलाही पाणी पाहिजे. कुठून आणू, असं मी विचारलं का नाही, मला आठवत नाही. त्यांच्या अंगणात नळ होता.

माती दिल्याच्या दुसऱ्या दिवशी मी रांजण आडवा केला. सासू दारात बसली होती. "कायले फेकतं? तिनं आणलं होतं ते," म्हणाली. खालचं पाणी खरंच तिचंच असणार, आम्ही तळ कधी काढलाच नव्हता. मी ऐकलं नाही. पाणी अंगणात पसरलं, त्यात ते किडे काही वेळ वळवळले, ऊन होतं, लगेच जिरलं. मी काथ्याने रांजण आतून घासला, वाळवला. मला वाटलं होतं, एवढं केल्यावर काहीतरी हलकं वाटेल. काही वाटलं नाही.

दुपारपासून बाहेरगावची माणसं बसायला यायला लागली. उन्हातून पायी आलेली, रडून घसा सुकलेला. प्रत्येक जण आल्याआल्या पाणी मागत होता. सासूने माझ्याकडे पाहिलं. मी दोन घागरी उचलल्या, नाल्यावर गेले, वाटीने पाणी उपसत बसले, आणि दिवस मावळेपर्यंत खेपा करून तोच रांजण पुन्हा गळ्यापर्यंत भरला.